इच्छापत्रात इच्छा कोणाची? : ताईमहाराज प्रकरणाचे पुनर्वाचन

मराठी दस्तऐवजांच्या भाषेत एक वाक्य हमखास भेटते. लिहून देणाराने हा दस्त राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिला आहे, असे ते वाक्य. शब्द थोडे मागेपुढे होतात, पण मृत्युपत्र असो, वाटणीपत्र असो, बक्षीसपत्र असो वा हक्कसोडपत्र, शेवटच्या पानावर, सह्यांच्या आधी, ते येतेच. ते लिहिणारा वकील किंवा दस्तलेखक असतो, आणि पुष्कळदा ज्याची राजीखुशी त्यात नोंदवलेली असते त्याला अजून काही विचारलेलेही नसते.

सदाशिव पेठेत गेल्या काही दशकांत जुने वाडे पडले आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा प्रत्येक वाड्याच्या मागे एक कागदांची फाईल असते. मूळ मालकाचे मृत्युपत्र, नसल्यास वारसनोंद, मिळकत पत्रिकेवरची नावे, आणि मग लग्न होऊन नाशिकला, नागपूरला, न्यू जर्सीला गेलेल्या लेकीबाळींची हक्कसोडपत्रे. या फायलींत स्त्रियांच्या सह्या पुष्कळ असतात. त्यांचे म्हणणे मात्र क्वचित सापडते. सही आणि म्हणणे यांतले हे अंतर कायद्याच्या विद्यार्थ्याइतकेच साहित्याच्या वाचकानेही तपासायला हवे, कारण दस्तऐवज हीसुद्धा एक संहिता असते. तिला निवेदक असतो, पात्रे असतात, आणि कोणी बोलायचे व कोणी बोलायचे नाही याचे तिचे नियमही असतात.

हे नियम कसे चालतात, हे पाहायला पुण्याइतके चांगले ठिकाण नाही. आणि पुण्यात ताईमहाराज प्रकरणाइतका चांगला नमुना नाही. हे प्रकरण एका मृत्युपत्रातून निघाले, १८९७ पासून १९१५ पर्यंत चालले, आणि पुण्याच्या कोर्टातून मुंबईमार्गे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. त्याच्या मध्यभागी एक तरुण विधवा होती. मराठी चरित्रवाङ्मयात मात्र हे प्रकरण जवळजवळ नेहमी दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट म्हणून सांगितले गेले.

मृत्युपत्र आणि त्याची वेळ

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पुण्यातले एक मोठे सरदार. कोल्हापूरच्या छत्रपतींशी घराण्याचा गुरुकुल म्हणून पिढ्यान् पिढ्यांचा संबंध, मिळकत ब्रिटिश मुलखात आणि कोल्हापूर संस्थानात अशी दोन्हीकडे. लोकमान्य टिळक त्यांचे स्नेही. टिळकांचे बिऱ्हाड त्या काळी सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात होते. गायकवाड वाडा त्यांनी पुढे १९०५ मध्ये घेतला.

२७ जुलै १८९७ रोजी टिळकांना पहिल्या राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. ते पुण्याला आले तेव्हा बाबामहाराज पटकीने अत्यवस्थ होते. ७ ऑगस्ट रोजी बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी ते गेले. मृत्युपत्रात नेमलेल्या विश्वस्तांपैकी टिळक, अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे आणि कोल्हापूरचे कुंभोजकर यांची नावे, आणि कारभारी नागपूरकर यांचे नाव, पुढच्या सगळ्या खटल्यांत सारखी येत राहतात.

बाबामहाराजांच्या पत्नी सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. मृत्युपत्राचा आशय असा : पत्नीला मुलगा झाला नाही, किंवा होऊन तो अल्पायुषी ठरला, तर घराण्याचे नाव चालावे म्हणून या विश्वस्तांच्या विचाराने, जितक्या वेळा जरूर पडेल तितक्या वेळा, तिच्या मांडीवर शास्त्रोक्त दत्तक द्यावा, आणि तो सज्ञान होईपर्यंत मिळकतीची व्यवस्था विश्वस्तांनी पाहावी. १८९८ च्या सुरुवातीला ताईमहाराजांना मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत तो गेला. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. दत्तकाचा प्रश्न अशा रीतीने उभा राहिला.

या कलमाची रचना नीट पाहावी. मृत्युपत्र लिहून ठेवणारा मरणाच्या दारात आहे, त्यामुळे त्याच्या मनात घराण्याचे नाव, मिळकत आणि विश्वासू माणसे यांचा विचार असणे स्वाभाविकच आहे. त्याच्या पत्नीचे नावही कलमात आहे. पण मुलगा 'घेणारी' म्हणून ते येत नाही. मुलगा तिच्या मांडीवर 'द्यायचा' आहे. 'मांडीवर देणे' हा दत्तविधानाचा रूढ मराठी वाक्प्रचार आहे, त्यात बाबामहाराजांचे खास असे काही नाही. म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो. भाषेनेच आधी ठरवून ठेवले होते की या व्यवहारात स्त्री ही जागा आहे, कर्ती नव्हे.

एका वचनाची चार वाचने

इथे वाचक म्हणेल की त्या काळी कायदाच तसा होता, मृत्युपत्राला दोष का द्यावा? गंमत अशी की महाराष्ट्रात कायदा तसा नव्हता.

वसिष्ठ धर्मसूत्रात एक वचन आहे. पतीच्या अनुज्ञेशिवाय स्त्रीने पुत्र देऊ नये किंवा घेऊ नये, असा त्याचा आशय. या एका वचनाची हिंदुस्थानात चार वाचने झाली. मिथिलेच्या पंडितांनी म्हटले, दत्तक घेतेवेळी पतीची अनुज्ञा हवी; पती मेला म्हणजे अनुज्ञा अशक्य, म्हणून विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालमध्ये म्हटले, पतीने हयातीत अनुज्ञा देऊन ठेवली असेल तर चालेल. दक्षिणेकडे द्रविड देशात पतीच्या अनुज्ञेऐवजी सपिंडांची संमती पुरेशी मानली गेली. आणि महाराष्ट्रात, नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'च्या परंपरेत म्हटले गेले की हे वचन जिचा नवरा जिवंत आहे तिच्यापुरतेच आहे, विधवेला ते लागूच नाही. १८६८ मध्ये रामनाडच्या दत्तकाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने या चारही वाचनांची दखल घेतली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाई विरुद्ध राधाबाई या निकालात महाराष्ट्राचे वाचन पक्के केले : पतीची मिळकत जिच्याकडे आली आहे अशा विधवेला, पतीने मनाई केलेली नसेल तर, त्याच्या परवानगीवाचून आणि भाऊबंदांच्या संमतीवाचून दत्तक घेता येतो.

म्हणजे बाबामहाराज काहीही न लिहिता गेले असते, तर कोणाला दत्तक घ्यायचे, केव्हा घ्यायचे, मुळात घ्यायचे की नाही, हे सगळे ठरवण्याचा अधिकार सकवारबाईंचा एकटीचा होता. मृत्युपत्राने तिला दत्तकाचा अधिकार 'दिला' असे चरित्रांतून वाचायला मिळते. खरे पाहता मृत्युपत्राने तो अधिकार विश्वस्तांच्या विचाराशी बांधून टाकला.

हा फरक केवळ मानाचा नव्हता. जुन्या कायद्यात दत्तविधान झाले की मुलगा मृत पित्याचा वारस होई, विधवेकडे आलेली मिळकत त्याच्याकडे जाई, आणि तिच्यापाशी अन्नवस्त्राचा हक्क उरे. दत्तक घेणे म्हणजे विधवेने आपल्या हाताने आपले मालकीपण संपवणे. त्यातून मुलगा अज्ञान असेल तर पुढची दहाबारा वर्षे घरात सत्ता कोणाची, हे त्या मुलाची निवड ठरवी. मूल कोणत्या शाखेतले, त्याचे जनक आईबाप कोण, ते कोणाच्या बाजूचे, यावर विधवेचे उरलेले आयुष्य अवलंबून असे. मुलाची निवड हीच तिच्या हातातली शेवटची गोष्ट होती. तिच्यावरच वाद व्हावा यात नवल नाही.

अठरा वर्षांची कहाणी

मिळकत कर्जात होती. विश्वस्तांनी खर्चाला आळा घातला, आणि त्यातून कुरबुरी सुरू झाल्या. जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताईमहाराज निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादला गेले. त्या परिसरात पंडित घराण्याची एक शाखा होती. तिथला जगन्नाथ नावाचा मुलगा २८ जूनच्या सुमारास ताईमहाराजांच्या मांडीवर दिला गेला, असे टिळकपक्षाचे म्हणणे. पुण्याला परतल्यावर महिन्याभरात ताईमहाराजांनी विश्वस्तांचे प्रोबेट रद्द व्हावे म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज केला. औरंगाबादला दत्तविधान झालेच नाही, हे त्यांच्या बाजूचे म्हणणे. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला त्यांनी बाळामहाराजांना दत्तक घेतले. या दत्तकाला शाहू छत्रपतींचा पाठिंबा होता. वेदोक्ताचा वाद त्याच सुमारास तापलेला, त्यामुळे एका घरातल्या दत्तकाला पुणे विरुद्ध कोल्हापूर असे रूप आले.

१९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर खोट्या साक्षीसह अनेक फौजदारी आरोपांचा मार्ग खुला केला. ऑगस्ट १९०३ मध्ये क्लेमंट्स यांनी टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. जानेवारी १९०४ मध्ये सेशन्स जज्ज लूकस यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स आणि बॅटी यांनी ती रद्द केली. दिवाणी दावा वेगळा चालू होता. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तक खरे ठरवले. १९१० मध्ये, टिळक मंडालेला असताना, न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी तो निकाल फिरवला. २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून जगन्नाथाचे दत्तक कायम केले. टिळक तेव्हा मंडालेहून सुटून नऊ-दहा महिने झाले होते.

न्यायदृष्ट्या प्रश्न तिथे मिटला. औरंगाबादला दत्तविधान झाले, आणि एकदा झालेले दत्तविधान परत घेता येत नाही, म्हणून दुसरे दत्तक निष्फळ. हा निकाल चूक होता असे म्हणण्याचे कारण प्रस्तुत लेखकाला दिसत नाही. प्रश्न निकालानंतर सुरू होतो, म्हणजे ही गोष्ट मराठीत कशी सांगितली गेली, इथे.

दोन बाजू, एकच गृहीत

न. चिं. केळकरांच्या तीन खंडी टिळकचरित्राचा पहिला खंड १९२३ मध्ये आला. केळकर स्वतः वकील आणि टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या बहुतेक चरित्रांत ताईमहाराज प्रकरण १८९७ आणि १९०८ या दोन राजद्रोहाच्या खटल्यांच्या मध्ये येते, आणि त्याचा अर्थही त्या दोन खटल्यांच्या उजेडात लावला जातो. स्नेह्याला दिलेला शब्द पाळण्यासाठी टिळकांनी सोसलेला छळ, सरकारने साधलेला सूड, आणि अखेरचा विजय असा त्या प्रकरणाचा आलेख. याच काळात, १९०३ मध्ये, टिळकांचा आर्यांच्या उत्तर ध्रुवीय वसतिस्थानावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, हे चरित्रकार आवर्जून सांगतात. डोक्यावर खटला असताना चित्ताची एवढी स्थिरता! ती खरीच आहे, आणि सांगण्यासारखीही आहे.

दुसरीकडे कोल्हापूरच्या बाजूने लिहिणारांनी या प्रकरणात ब्राह्मणी पुण्याचा दरारा आणि संस्थानाचा स्वाभिमान पाहिला. य. दि. फडके यांनी दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांची चिकित्सा करण्याची शिस्त मराठीत आणली, आणि त्यांच्या ग्रंथाचे नाव आहे 'शाहू छत्रपती आणि लोकमान्य'. वाद ज्या दोन पुरुषांचा मानला गेला, त्यांची नावे मुखपृष्ठावर आहेत.

या दोन कथनांत तपशील, सहानुभूती, निष्कर्ष सगळे वेगळे. एक गृहीत मात्र समान आहे. टिळकपक्षाच्या कथनात ताईमहाराज औरंगाबादला स्वतःच्या मनाने वागतात आणि पुण्याला आल्यावर नागपूरकर व कोल्हापूरकर यांच्या नादी लागतात. विरुद्ध पक्षाच्या कथनात त्या औरंगाबादला टिळकांच्या दबावाखाली असतात आणि कोल्हापूरला स्वतःच्या मनाने वागतात. प्रत्येक बाजूला तिचे ते एक कृत्य खरे वाटते जे त्या बाजूला सोयीचे आहे. दुसरे कृत्य दुसऱ्या कोणाचे. एका माणसाने जूनमध्ये एक निर्णय घेतला, ऑगस्टपर्यंत त्याला त्या निर्णयाचा पश्चात्ताप झाला, आणि दोन्ही वेळा ते माणूस तेच होते, ही साधी शक्यता कोणत्याच कथनात बसत नाही.

कायद्यात ती बसू शकत नव्हती, हे समजण्यासारखे आहे. दत्तक झाले की नाही, एवढाच न्यायालयापुढे प्रश्न. मन बदलले असेल तरी त्याचा उपयोग नाही. अशा वेळी ज्याला मन बदलायचे आहे त्याच्यापुढे एकच वाट उरते : मुळात ते झालेच नाही असे म्हणायचे. ताईमहाराजांनी तसे म्हटले, आणि शेवटी ते म्हणणे नाकारले गेले. त्यांच्या नकाराला खोटेपणा म्हणून बाजूला सारणे चरित्रकाराला सोपे होते. परंतु जो कायदा पश्चात्तापाला शब्दच देत नाही, त्या कायद्यापुढे पश्चात्ताप झालेल्या माणसाने कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न चरित्रकाराने विचारायला हवा होता.

समोरासमोर विचारण्याचा नियम

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाचा एक भाग आजही पुराव्याच्या कायद्यात आधाराला घेतला जातो. उच्च न्यायालयाने टिळक आणि त्यांचे साथीदार यांची साक्ष खोटी धरली होती. लॉर्ड शॉ यांनी त्यावर कडक आक्षेप घेतला. एखादा साक्षीदार खोटे बोलतो असे म्हणायचे असेल तर उलटतपासणीत तो मुद्दा त्याच्यासमोर ठेवला पाहिजे, त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे. ते न करता मागाहून त्याला खोटा ठरवणे योग्य नव्हे, हा त्याचा मथितार्थ.

हा नियम न्यायाचा आहे, तसा चरित्रलेखनाचाही असायला हरकत नाही. टिळकांना त्याचा लाभ मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. सकवारबाईंना मात्र मराठी चरित्रवाङ्मयाने तो कधी दिला नाही. त्या भोळ्या होत्या, चंचल होत्या, फितल्या होत्या, ही विशेषणे त्यांच्यामागे लावली गेली. त्यांच्या अर्जांत, जबान्यांत त्या स्वतः काय म्हणतात ते त्यांच्या शब्दांत मांडून, मग त्यावर शंका घेण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. जबानी हे अडचणीचे साधन आहे, हे मान्य. प्रश्न वकिलाचे, लेखन कारकुनाचे, भाषांतर तिसऱ्याचे. पण जबानीच्या या मर्यादा टिळकांच्या साक्षीलाही लागू होत्या. तिथे चरित्रकारांनी ओळींच्या मधले वाचले. इथे ओळीही वाचल्या नाहीत.

आणि त्या काळच्या पुण्याला तरुण विधवेचा आवाज ऐकण्याची सवय नव्हती असेही नाही. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. तिची निवेदक यमू ही स्वतःच विधवा आहे, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांनी आपले काय केले हे ती स्वतःच्या तोंडाने सांगते. पुण्यातल्या घरांघरांतून ती वाचली गेली. यमूने सांगितलेले सगळे वाचकांनी खरे मानले, कारण ती कल्पित होती आणि तिच्या नावावर मिळकत नव्हती. खरी विधवा कोर्टात उभी राहिली आणि तिच्या बोलण्यावर जहागिरीची मालकी ठरणार होती, तेव्हा तेच वाचक दोन तटांत विभागले गेले. मुंबईच्या डॉ. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त टोपणनावाने पत्रे लिहून आपली बाजू मांडली होती, म्हणून त्यांच्या खटल्याच्या इतिहासात आज त्यांचा आवाज आहे. सकवारबाईंनी लेख लिहिला नाही. त्यांच्याजवळ फक्त अर्ज आणि जबान्या होत्या.

विश्वस्ताची बाजू

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. टिळक विश्वस्त होते. विश्वस्ताचे कर्तव्य मृत्युपत्र करणाराच्या इच्छेशी बांधलेले असते, हयात वारसाच्या लहरीशी नव्हे. प्रत्येक वारसाच्या मनाप्रमाणे विश्वस्त वागू लागला तर विश्वस्तनिधी ही कल्पनाच निकाली निघेल. टिळकांना या प्रकरणातून एक पैशाचा लाभ नव्हता. उलट काळ, पैसा, प्रकृती आणि प्रतिष्ठा सगळे पणाला लागले होते. अंग काढून घेणे सोपे असताना त्यांनी ते काढले नाही. मृत मित्राच्या शब्दाला एवढे जपणारा विश्वस्त आजही दुर्मिळच.

हे सगळे मान्य करूनच पुढचा प्रश्न येतो. विश्वस्ताची निष्ठा जितकी कडक, तितके मूळ लेखातले गृहीत अधिक घट्ट होत जाते. मृत्युपत्रात जिच्या इच्छेला जागा नाही, तिच्यासाठी प्रामाणिक विश्वस्त हा अप्रामाणिक विश्वस्तापेक्षा अधिक अभेद्य ठरतो. अप्रामाणिकाविरुद्ध दाद मागता येते. प्रामाणिकाविरुद्ध काय मागायचे? टिळकांच्या चारित्र्याची बाजू लढवताना चरित्रकारांना हा प्रश्न दिसला नाही, कारण टिळक निर्दोष ठरले की प्रकरण संपले असे त्यांनी मानले. टिळक निर्दोष होते, आणि तरीही ताईमहाराजांची तक्रार खरी असू शकते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

कायदा बदलला, वाक्य तेच

पुढे कायदा बदलत गेला. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. त्याच वर्षीच्या दत्तक आणि पोटगी कायद्याने विधवेला स्वतःसाठी दत्तक घेण्याचा हक्क दिला, आणि दत्तक आल्याने आधीच कोणाकडे असलेली मिळकत काढून घेतली जाणार नाही असे ठरवले. सकवारबाई १९५६ नंतर असत्या तर मुलगा घेऊनही मालक राहिल्या असत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सेदार केले. देशभर ते २००५ मध्ये झाले. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही.

पण १९५६ च्या कायद्यातच तिसावे कलम आहे. त्याने एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देऊन टाकण्याची मुभा दिली. एका हाताने मुलीला वारस केले, दुसऱ्या हाताने तिला वगळण्याचे साधन दिले. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही. लिहून ठेवणाराची सही आणि दोन साक्षीदार असले की पुरते. मराठी मृत्युपत्रांत एक कलम इतके रूढ झाले आहे की ते नमुन्यातच छापलेले असावे असे वाटते : मुलीचे शिक्षण आणि लग्न यांवर यथाशक्ती खर्च केलेला आहे, ती सुस्थळी पडलेली आहे, म्हणून तिला वेगळा हिस्सा ठेवलेला नाही. मुलांच्या शिक्षणावरचा खर्च या कलमात कधी मोजला जात नाही. 'सुस्थळी पडली' हे वाक्य 'मांडीवर देणे' याच्याच कुळातले आहे. दोन्हींत ती स्वतः काही करत नाही.

मृत्युपत्र नसेल तेव्हा हक्कसोडपत्र येते. इथे निदान बहिणीला यावे लागते, सही करावी लागते, निबंधक कार्यालयात छायाचित्र आणि अंगठा द्यावा लागतो. कागद मात्र आधीच तयार असतो. बिल्डरला सगळ्या वारसांचा निर्वेध हक्क हवा असतो, भावांना वेळ साधायची असते, आणि माहेर तुटू नये एवढेच बहिणीला हवे असते. पुष्कळ बहिणी खरोखरच राजीखुशीने सही करतात. भावाने आईवडिलांचे म्हातारपण पाहिले, वाडा सांभाळला, त्याला मिळावे, असे त्यांना मनापासून वाटते. पुष्कळजणी तशा करत नाहीत. दोघींच्या दस्तातले वाक्य अक्षरशः एकच असते. ते वाक्य कोणाची राजीखुशी खरी आणि कोणाची नाही हे सांगू शकत नाही. नंतर वाद उभा राहिला तर कोर्टापुढे पुन्हा तेच दोन पर्याय येतात : सही खरी, किंवा सही दबावाने. त्या वेळी खरी होती पण आज मन थाऱ्यावर नाही, हे सांगायला आजही जागा नाही.

म्हणून ताईमहाराज प्रकरणाचे पुनर्वाचन केवळ टिळकचरित्रातली एक दुरुस्ती नाही. नव्या चरित्रकाराने ते लिहायला घेतले तर एक साधी गोष्ट करावी. टिळकांची साक्ष, खापर्ड्यांची साक्ष, न्यायाधीशांचे निकाल हे सगळे येऊ द्यावे, पण सकवारबाईंची जबानी त्यांच्या आधी ठेवावी आणि ती एका पक्षाचा पुरावा म्हणून न वाचता एका माणसाचे म्हणणे म्हणून वाचावी. ती खोटी ठरली तर ठरो. तिच्यासमोर प्रश्न ठेवून मग ठरो.

आणि घराघरांतल्या कागदांनाही हाच नियम लावता येईल. मसुदा वकिलाकडून येण्याआधी बहिणीला, आईला, सुनेला विचारावे की तुझे म्हणणे काय आहे. आणि ते जे असेल ते, अर्धवट, उलटसुलट, बदलणारे असले तरी, कुठेतरी लिहून ठेवावे. मग राजीखुशीचे वाक्य खाली घालावे. ते वाक्य कायद्याला लागतेच.